साडेसातपासूनची मोजणी

कामिओरीच्या कृषी विद्यापीठात बर्फ पडायला लागतो नोव्हेंबरच्या मध्यावर, पण त्याचा नकाशा ऑक्टोबर संपायच्या आत तयार लागतो. हा नकाशा बावीस वर्षं कोमाई तेत्सुरो करत होता. सत्तावन्न वर्षांचा, इमारत विभागात नोकरीला, अंगाने किडकिडीत, बोलायला कमी. आवारातले रस्ते त्याला तळहातासारखे पाठ होते. कुठल्या छपरावरून बर्फ घसरून खाली येतो, कुठल्या वळणावर वारा ढीग रचतो, कुठली गटाराची झाकणं यंत्राच्या पात्याला अडकतात, हे तो झोपेतही सांगू शकला असता.

नकाशाची रीत साधी होती. लाल रस्ते सकाळी साडेसातच्या आत मोकळे झाले पाहिजेत, निळे दुपारपर्यंत, आणि पिवळे जमेल तेव्हा. बर्फ कितीही पडो, लाल रस्ता चुकला असं बावीस वर्षांत सहा वेळा झालं होतं, आणि त्या सहाही तारखा कोमाईच्या लक्षात होत्या.

त्या वर्षी मात्र ठेकेदाराचा माणूस सप्टेंबरातच येऊन तोंड पाडून बसला. पाच चालकांपैकी तिघे गेले होते. एक वारला, एकाची नजर अधू झाली, एक मुलाकडे दक्षिणेला राहायला गेला. राहिले दोघे. बहात्तर वर्षांचा निशिवाकी आणि सहासष्टचा एबिना, ज्याची पाठ दर आठवड्याला धरायची. हाताने बर्फ काढणारे सहा जण होते, त्यातले दोन उरले. जाहिरात देऊन तीन महिने झाले होते. एकाचा फोन आला होता, पण पहाटे तीनला कामावर हजर व्हायचं म्हटल्यावर त्याने नम्रपणे माफी मागून फोन ठेवला.

विभागप्रमुख होसाका पंचेचाळिशीचा, राजधानीहून बदलून आलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, अंथरूण पाहून पाय पसरायचे, कोमाई-सान. जे रस्ते कमी वापरात आहेत ते या वर्षी बंद ठेवा. फक्त आकड्यांवर ठरवा, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको.

म्हणून कोमाईने ऑक्टोबरचे दोन आठवडे उभ्या उभ्या काढले. हातात अंगठ्याने दाबायचं मोजणीयंत्र घेऊन तो एकेका रस्त्यावर सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा उभा राहिला. वर्ग पावणेनऊला सुरू होतात, ऑफिस साडेआठला, त्यामुळे साडेसात म्हणजे त्याच्या हिशेबाने भरपूर लवकर होतं. उत्तरेच्या पायऱ्यांवर तो तीन दिवस होता. चौऱ्याण्णव दगडी पायऱ्या, खालच्या बसथांब्यापासून विज्ञान इमारतीच्या मागच्या दारापर्यंत. तिथे यंत्र चालत नाही. दोन माणसांना दोन तास फावडं मारावं लागतं. तीन दिवसांत माणसं आली अकरा, नऊ आणि चौदा. बहुतेक पोरं खाली दुकानात भाताचे गोळे आणायला जाणारी. कोमाईने पायऱ्यांवर फुली मारली. वर आणि खाली दोर बांधायचा, पाटी लावायची, विषय संपला.

त्याच आठवड्यात शिगेता नाओ त्याच्या ऑफिसात आली. दुसऱ्या वर्षाला होती, माती परीक्षण शिकत होती, चौदाव्या वर्षापासून चाकाच्या खुर्चीत. मांडीवर तिने स्वतः काढलेला नकाशा होता. वसतिगृहापासून दुसऱ्या व्याख्यानगृहापर्यंत चारशे मीटर, आणि त्यावर पेन्सिलीने सतरा खुणा. यंत्र रस्ता साफ करून जातं तेव्हा कडेला बर्फाचा बांध सोडतं, तो बांध नेमका फुटपाथच्या उतारावर पडतो आणि रात्रीत दगडासारखा होतो. माणूस तो ओलांडून जातो, खुर्चीची पुढची चाकं अडकतात. मागच्या हिवाळ्यात तिचे एकतीस दिवस बुडाले होते.

तिने तक्रार केली नाही. नुसतं विचारलं, "रोज कोणाला तरी हाक मारून खुर्ची उचलून घ्यायची, हे मला पहिल्या वर्षी जमलं. आता नको वाटतं. होईल का काही?"

कोमाईने नकाशा उलटसुलट करून पाहिला. इतक्या वर्षांत इतका चोख नकाशा दुसऱ्या कोणी त्याच्यासमोर ठेवला नव्हता. यंत्राने काम भागणार नव्हतं, मागाहून दोन माणसं फावडी घेऊन जायला हवी होती, रोज दोन तास. दोन माणसं, दोन तास. ती त्याच्याकडे नुकतीच मोकळी झाली होती.

"होईल," तो म्हणाला. आणि तिचा रस्ता त्याने लाल केला.

छापलेला नकाशा कोमाई द्यायला गेला तेव्हा निशिवाकी यंत्रांच्या शेडमध्ये चहा पीत बसला होता. म्हातारा तीस वर्षं त्याच आवारात बर्फफेक यंत्र चालवत होता. ऑफिसवाल्यांची टिंगल हा त्याचा नेहमीचा उद्योग. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा कागद आला का, असं म्हणून त्याने तो उघडला, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेला आणि फुलीवर बोट ठेवलं.

"उत्तरेच्या पायऱ्या बंद?"

"तीन दिवस मोजलं, निशिवाकी-सान. दिवसाला दहा-बारा माणसं. दोन माणसं अडकवून ठेवायची ती कशी?"

"खरंय," म्हातारा म्हणाला. कागदाची घडी घालून त्याने खिशात ठेवली आणि उरलेला चहा जमिनीवर ओतला.

डिसेंबर चांगला गेला. बर्फ बेताचा पडला, एबिनाची पाठ गप्प राहिली. सकाळी सव्वाआठला नाओ वसतिगृहातून निघायची. निशिवाकीचं यंत्र तेव्हा परतीच्या वाटेवर असायचं. ती हात वर करायची आणि म्हातारा केबिनमधून टोपी उचलायचा. महिनाभरात तिचा एकही तास बुडाला नाही. एकदा ती कोमाईच्या ऑफिसात येऊन नुसतंच सांगून गेली, की आज शून्याखाली बारा अंशांत मी एकटीने वाचनालयात जाऊन पुस्तक बदलून आले. कोमाई आपल्या विधवा बहिणीला फोनवर फारसं काही सांगत नसे, पण त्या दिवशी त्याने हे सांगितलं.

जानेवारीच्या सतरा तारखेला रात्रभरात त्रेचाळीस सेंटिमीटर बर्फ पडला आणि पहाटे थंडी उणे एकोणिसावर गेली. निशिवाकी अडीचलाच घरून निघून आला होता. कोमाई सहाला पोचला आणि सातच्या सुमारास नेहमीप्रमाणे फेरीला निघाला. विज्ञान इमारतीच्या मागे आला तेव्हा पायऱ्यांवरचा दोर दिसेना, बर्फाखाली गेला होता. दोर वर काढावा म्हणून तो पुढे झाला आणि खाली, तिसाव्या-पस्तिसाव्या पायरीवर, त्याला निळी कापडी पिशवी दिसली. पिशवीच्या शेजारी बर्फाला उंचवटा होता.

ती निशिवाकीची बायको होती, हात्सुएबाई. वय एकोणसत्तर. विद्यापीठात साफसफाई करायची, कोमाईच्याच मजल्यावर. कोमाई रोज ऑफिसात येई तेव्हा फरशी पुसून ओली असे आणि हात्सुएबाई बादली घेऊन कोपऱ्यात उभी राहून कमरेत वाकत असे. तोही रोज वाकून नमस्कार करी, दमलात ना, म्हणे, आणि आत जाई. अकरा वर्षं हे चाललं होतं. आपल्याआधी येऊन मजला पुसून ठेवणारी ही बाई कुठल्या वाटेने येते, असं त्याने अकरा वर्षांत स्वतःला विचारलं नव्हतं.

सफाईवाल्या चौघी पहिल्या बसने पाच वीसला खाली उतरत. मुख्य दरवाज्याने यायचं तर सव्वा किलोमीटरचा वळसा, आणि त्या रस्त्याचा फुटपाथ नगरपालिकेच्या यंत्राने कडेला लोटलेल्या बर्फाखाली बुजलेला. म्हणजे अंधारात लाकूड वाहणाऱ्या ट्रकांच्या अंगाला लागून चालायचं. म्हणून चौघीजणी नोव्हेंबरपासून दोर ओलांडून पायऱ्यांनीच येत होत्या. रोज चालून त्यांनी पायवाट पाडली होती, आणि ती दाबून दाबून काचेसारखी झाली होती. त्या दिवशी तिघींना एकीच्या नवऱ्याने गाडीतून सोडलं. हात्सुएबाईचा नवरा अडीचलाच कामावर गेलेला. ती एकटीच चढत आली, ताज्या बर्फाखालच्या काचेवर पाय गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. साडेपाचपासून सात दहापर्यंत ती तिथे पडून होती. हाक मारली असेल तर ती यंत्रांच्या घरघरीत कोणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

कोमाईने अंगातला कोट काढून तिच्यावर घातला. तिच्या पापण्यांवर बर्फ धरला होता. ओठ हलत होते, पण शब्द नीट फुटत नव्हते. त्याने कान खाली नेला.

"दोर होता, मी बघितला होता," ती म्हणाली. "यांना सांगू नका."

त्याने वॉकीटॉकीवर निशिवाकीला बोलावलं. काय झालं ते सांगितलं. मग यंत्राचा आवाज बदललेला त्याला ऐकू आला. निशिवाकी त्या वेळी नाओच्या रस्त्यावर अर्ध्यात होता. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने लाल रस्ता अर्धा टाकला. विज्ञान इमारतीच्या मागचा रस्ता नकाशात निळा होता, दुपारपर्यंत मोकळा करायचा, म्हणजे रुग्णवाहिका आत येऊच शकत नव्हती. म्हाताऱ्याने यंत्र पुढे घातलं आणि दोनशे मीटर रस्ता फोडत आणला. रुग्णवाहिका त्याच्या मागे मागे पावलापावलाने आली. बायकोपाशी पोचल्यावरही तो लगेच उतरला नाही. गाडीला वळायला जागा हवी म्हणून त्याने यंत्र मागे घेतलं, कडेला नीट लावलं, आणि मगच खाली उतरला.

हात्सुएबाई वाचली. खुब्यात सळई घातली, डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पुढे छातीत कफ झाला, तीन आठवडे अंथरुणातून उठता आलं नाही, आणि त्या तीन आठवड्यांत पायातलं उरलंसुरलं बळ गेलं. ती परत चालेल असं डॉक्टरांनी म्हणायचं सोडून दिलं.

विद्यापीठाने चौकशी केली. होसाकाने दोन पानी अहवाल लिहिला, बंद वाटेवर दोर आणि पाटी असूनही सदर महिलेने ती ओलांडली, असा. कोमाईने त्याला तिसरं पान जोडलं. त्यात त्याने लिहिलं की ही वाट बंद करण्याआधी आपण जी मोजणी केली ती साडेसातला सुरू केली होती. त्याआधी येणारी माणसं मोजलीच नव्हती. ती असतात हे आपल्याला माहीत असायला हवं होतं.

होसाकाने त्याला आत बोलावून दार लावून घेतलं. तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. त्यालाही वरून तीन फोन येऊन गेले होते.

"हे लिहून त्या बाईंचा पाय बरा होणार आहे का?"

"नाही."

"मग कशासाठी?"

 कोमाई एवढंच म्हणाला की खरं आहे म्हणून. पान काढून घ्यायला त्याने नकार दिला. दुसऱ्या दिवशी अहवाल वर गेला तेव्हा तो दोनच पानांचा होता. विद्यापीठाकडे दोष नाही असं ठरलं. सफाईच्या ठेकेदाराने बायकांना लेखी बजावलं की जी दोर ओलांडेल तिला कामावरून कमी करू. तिघींपैकी दोघींनी त्याच आठवड्यात काम सोडलं. कोमाईच्या मजल्यावरची फरशी मग आठवड्यातून दोनदाच पुसली जाऊ लागली.

निशिवाकी परत आला नाही. तो दिवसभर दवाखान्यात बसून असे. एबिना एकटा दोन माणसांचं काम ओढू लागला आणि लाल रस्ते दहा-दहा वाजेपर्यंत रखडू लागले. नाओच्या रस्त्यावर कोमाई स्वतः पहाटे चारला फावडं आणि सुपासारखं ढकलायचं मोठं पत्र्याचं खोरं घेऊन उतरला. हाताने काढणारे दोघे एबिनाच्या मागे गुंतलेले. चारशे मीटर एका माणसाने हाताने काढायचे, आणि काढलेल्यावर पुन्हा पडत राहणार. पाच दिवस त्याने रेटलं. सहाव्या दिवशी त्याला पलंगावरून उठता येईना. त्या दिवशी नाओ वसतिगृहाच्या दारात पाऊण तास वाट पाहून आत गेली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती ऑफिसात आली. एका मैत्रिणीने खुर्ची उचलून आणली होती. मैत्रिणीला तिने बाहेर थांबायला सांगितलं. कोमाई कमरेला पट्टा बांधून बसला होता, उठायला गेला तर तिने हातानेच बसा म्हटलं.

"मला एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "माझ्या रस्त्यावर जी दोन माणसं यायची, ती आधी त्या पायऱ्यांवर असायची का?"

"कोणी सांगितलं?"

"असायची का?"

कोमाई म्हणाला की नकाशा एका रस्त्यासाठी दुसरा रस्ता असा बनत नसतो, त्यात पुष्कळ गोष्टी बघाव्या लागतात, आणि ठरवणारा मी, तुझा यात काडीचा संबंध नाही. यातला शेवटचा भाग खरा होता. नाओने त्याचं बोलणं पुरतं होऊ दिलं. मग तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"मी हात्सुएबाईंना रोज बघायचे," ती म्हणाली. "डिसेंबरात. त्या फरशी पुसून दुसऱ्या व्याख्यानगृहात यायच्या. माझ्यासाठी दार धरून ठेवायच्या."

हे कोमाईला माहीत नव्हतं.

त्या महिन्याच्या दहा तारखेला तिचे वडील गाडी घेऊन आले आणि तिचं सामान घेऊन गेले. कागदावर सुट्टी म्हणून लिहिलं होतं. पण वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं की गादीसकट सगळं नेलं. कोमाई खिडकीतून बघत होता. खाली जावं, निदान वडिलांपुढे वाकून यावं, असं त्याच्या मनात दोनदा आलं. गाडी निघाली तरी तो तिथेच होता.

दवाखान्यात तो आधी एकदा जाऊन आला होता, पण तेव्हा हात्सुएबाई शुद्धीवर नव्हती. मार्चमध्ये तो संत्र्यांची पेटी घेऊन पुन्हा गेला. काय म्हणायचं ते त्याने बसमध्ये मनाशी जुळवलं होतं. पण तो खोलीत शिरताच हात्सुएबाई पलंगावर उठून बसायची धडपड करू लागली. नर्सने आधार दिला. दोन्ही हात चादरीवर टेकून तिने जमेल तेवढं डोकं खाली नेलं आणि म्हणाली की माझ्यामुळे तुम्हाला, सगळ्या विभागाला फार त्रास झाला, मला माफ करा.  त्याने जुळवलेलं सगळं तिनेच म्हणून टाकलं होतं. तोही वाकला. दोघं असे एकमेकांसमोर वाकून राहिले आणि आधी वर कोणी यायचं ते कोणालाच कळेना.

निशिवाकी त्याला बाहेर बाकावर घेऊन आला. म्हातारा दोन महिन्यांत वाळून गेला होता. यंत्रावर बसणाऱ्या माणसाची रुंद पाठ कुठे गेली कळत नव्हतं. तो बाकावर टेकला. मग स्वतःहून बोलला.

"मला माहीत होतं."

"काय?"

"ती त्याच वाटेने जाते ते. सांगितलं होतं वळसा घालून जा म्हणून. हो म्हणाली. पण मला माहीत होतं ना ती तिथूनच जाते. तुम्ही नकाशा दाखवलात तेव्हाच माहीत होतं."

 "मग तेव्हा बोलला का नाही तुम्ही?"

निशिवाकीने त्याच्याकडे मान वळवली. राग नव्हता चेहऱ्यावर. ज्याचं उत्तर सगळ्यांनाच ठाऊक आहे असा प्रश्न एखाद्याने विचारावा, तसं त्याने बघितलं.

"बोललो असतो तर दोन माणसं कुठून आणली असती तुम्ही?" तो म्हणाला. "त्या पोरीच्या रस्त्यावरूनच ना? तिला मी काय म्हणून तोंड दाखवलं असतं?"

 आपण त्या दोन माणसांशिवाय दुसरं काही केलं असतं का, हे कोमाई मनात शोधत राहिला. मजूर नव्हते. चालक नव्हते. नगरपालिकेकडेही नव्हते. पहिली बस अर्धा तास उशिरा करता आली असती का, सफाई दुपारी ठेवता आली असती का, असलं काहीबाही सुचलं. पण त्यासाठी आधी कोणीतरी तोंड उघडायला हवं होतं, आणि पहाटे पाचला पायऱ्यांशी उभं राहायला हवं होतं. निशिवाकीने सांगितलं की महिनाअखेरीस तो बायकोला घेऊन मुलीच्या गावी जाणार आहे. तिकडे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. लिफ्ट आहे. बर्फ पडत नाही. हे शेवटचं त्याने असं सांगितलं जणू त्या गावाची ती एक खोड होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठेकेदाराचं पत्र आलं. पुढच्या हिवाळ्याचं काम घेता येणार नाही, चालक नाहीत, क्षमस्व. दुसऱ्या कोणी ठेकेदाराने विचारणाही केली नाही. महिनाभर बैठका झाल्या. शेवटी वरून ठरलं की पुढच्या वर्षीपासून जानेवारी आणि फेब्रुवारीत आवार बंद राहील, वर्ग घरबसल्या पडद्यावर होतील, वसतिगृह रिकामं करायचं. शेतावरची जनावरं तेवढी हलवता येणार नाहीत. त्यामुळे मुख्य दरवाजापासून गोठ्यापर्यंतचा एक रस्ता चालू ठेवायचा, तो गोठ्यावरची माणसं ट्रॅक्टरने स्वतःच काढतील. त्याचा नकाशा कोमाई-सान यांनी करावा.

होसाकाने हे सांगताना आवाज हळू ठेवला होता. तुम्हाला जरा विश्रांतीही मिळेल, असंही तो म्हणाला.

कोमाई आपल्या टेबलाशी आला. कोरा नकाशा उघडला, पट्टी धरली आणि दरवाजापासून गोठ्यापर्यंत एक लाल रेघ ओढली. बाकी सगळं पांढरं राहिलं. एका दुपारचंही काम नव्हतं. चारला त्याने तो छापायला पाठवला आणि घरी जायची वेळ होईपर्यंत बसून राहिला.